जोडी क्रमांक सातची अदलाबदल मंजूर होणेबाबत

प्रति,
मा. व्यवस्थापन अधिकारी,
सार्वजनिक सभागृह विभाग, दुसरा मजला.

विषय : जोडी क्र. ७ मध्ये पत्नीने नेणे व पतीने सोबत जाणे, यास कायमस्वरूपी मंजुरी मिळणेबाबत.

संदर्भ : १) आपले 'नृत्यभूमिका नोंदवही' परिपत्रक.
२) अर्जदाराचे यापूर्वीचे सहाशे साठ अर्ज.

महोदय,

१. अर्जदार ही गेली अकरा वर्षे आपल्या सभागृहात दर गुरुवारी संध्याकाळी लोकनृत्याचा वर्ग घेते. नाच जोडीचा आहे. पुरुषाने न्यायचे आणि बाईने सोबत जायचे, ही त्याची जुनी रीत. अर्जदाराने ती दोन वर्षांपूर्वी सोडली. आता वर्गात 'डावे' आणि 'उजवे' एवढेच म्हणतात. डाव्याने न्यायचे, उजव्याने जायचे आणि बत्तीस ठेके झाले की जागा बदलायच्या. कोण बाई, कोण बुवा, हे कोणी पाहत नाही.

२. हे सोपे गेले, असा अर्जदाराचा दावा नाही. जन्मभर नेणाऱ्याला 'आता जा' म्हटले की तो खांबासारखा उभा राहतो. शिंपीकाकू आणि त्यांचे जावई तर अदलाबदलीनंतर दोघेही नेऊ लागत आणि एकमेकांना रेटत थेट दारापर्यंत पोचत. शेवटी उजव्यांना महिनाभर डोळे मिटून नाचवले, तेव्हा कुठे जमले.

३. पुढे आपले परिपत्रक आले. प्रत्येकाने आपली भूमिका नोंदवहीत लिहावी, पुरुषाची 'नेणारा' व स्त्रीची 'जाणारी' धरली जाईल, आणि बदल हवा असल्यास नमुना क्र. ४ आठ दिवस आधी द्यावा. एका संध्याकाळी पाच नाच, प्रत्येकात सहा बदल, माणसे बावीस. अर्जदाराने सहाशे साठ नमुने भरून दोन पिशव्यांतून आपल्या आवक टेबलावर ठेवले. बदलाची नेमकी वेळ मिनिटांत लिहिलेली नाही, या शेऱ्यासह ते परत आले. पिशव्या मात्र परत आल्या नाहीत.

४. त्यानंतरच्या गुरुवारी निरीक्षक नोंदवही घेऊन सभागृहात उभे राहिले. वर्ग बंद होईल या भीतीने अर्जदाराने सर्वांना नोंदीप्रमाणे नाचायला सांगितले. जोडी क्र. ७ म्हणजे अर्जदार व तिचे यजमान. यजमानांच्याही कानात अर्जदारच पुटपुटली, "आजच्यापुरतं तुम्ही न्या." ही चूक अर्जदाराची आहे, निरीक्षकांची नाही. तिसऱ्या गिरकीला यजमानांचा उजवा पाय आला नाही आणि ते खिडकीखालच्या बाकावर आदळले. कोपर सोलले, एवढेच. उठून त्यांनी निरीक्षकांची माफी मागितली. अहवालातील नोंद अशी : 'जोडी क्र. ७. पुरुष पडला. भूमिकेत बदल आढळला नाही. समाधानकारक.'

५. इथून पुढे 'अर्जदार' असे लिहिणे मला जमणार नाही, क्षमा असावी.

माझ्या यजमानांची उजवी बाजू दोन वर्षांपूर्वी अर्धांगवायूने गेली. त्याआधी तीस वर्षे मला त्यांनीच नेले. काठीशिवाय ते आता फक्त नाचताना चालतात, तेही मी नेले तर. पण साऱ्या वर्गात एकट्या त्यांना उजवीकडे उभे केले असते, तर पुढच्याच गुरुवारी ते घरी बसले असते. मी ओळखते ना त्यांना. म्हणून मी सगळ्यांनाच बदलायला लावले. वीस माणसे दोन वर्षे धडपडली, एकमेकांच्या पायांवर पडली, ती या एका माणसाला लाज वाटू नये म्हणून. जोडी क्र. ७ कधीच जागा बदलत नाही, हे त्या गडबडीत कोणाच्या ध्यानातही आले नाही. वर्गाला मी हे आजवर सांगितलेले नाही. आपणही सांगू नये, ही विनंती.

६. त्या गुरुवारी पडल्यापासून ते वर्गाला येत नाहीत. चौतीस वर्षे त्यांनी एका कार्यालयात नस्त्या सांभाळल्या. कागदावर जे नाही ते त्यांच्या लेखी नाहीच. या अर्जाचा मसुदाही त्यांनी तपासून दिला आणि परिच्छेद पाचवर काट मारली. मी तो पुन्हा लिहिला आहे.

काल सकाळी स्वयंपाकघरात मी त्यांच्यापुढे हात केला. रेडिओवर आमचाच ठेका लागला होता. त्यांनी माझ्या हाताकडे पाहिले, काठी जवळ ओढली आणि म्हणाले, "मंजुरी येऊ दे आधी."

ते थट्टा करत नव्हते. तरी साहेब, लवकर सही करावी.

आपली विश्वासू,
(सही)
नृत्यवर्गाची शिक्षिका,
नोंदवही अ. क्र. १३, 'जाणारी'

दिनांक : १४ ऑक्टोबर

सोबत :
१) डॉक्टरांचा दाखला.
२) निरीक्षकांच्या अहवालाची प्रत.
३) नमुना क्र. ४, यजमानांनी स्वतः डाव्या हाताने भरलेला. 'बदलाची वेळ' या रकान्यात मिनिटे लिहिलेली नाहीत. तिथे त्यांनी 'इथून पुढे' असे लिहिले आहे.