ताईचा बॉल उजवीकडेच का जातो

१२ जून

ति. ताईस,
बारक्याचा सा. न. वि. वि.

पत्र लिहितोय, कारण संध्याकाळी फोन लावला की तू उचलत नाहीस, आणि नेमकी त्याच वेळी मोबाईलवरच्या पूलच्या खेळात हजर असतेस. दुपारी लागला तर शिवणाची घाई आहे म्हणून ठेवून देतेस.

आता मुद्द्याचं. तुझी-माझी जोडी रोज हरतेय. समोर माझ्या खोलीतला चष्मिस आणि त्याचा तो नर्स मित्र, दोघेही माझ्याकडे बघून दात काढतात. तुझी पाळी आली की वेळ संपत येईपर्यंत तू ढिम्म. मध्ये जेवून येतेस का? आणि एवढं करून बॉल पॉकेटच्या उजव्या कडेवर आदळतो. रोज उजव्याच. काल काळा बॉल तोंडाशी होता, गं. फुंकर मारली असती तरी पडला असता. माझं डोकं फिरायची वेळ आली आहे.

बाबा कसे आहेत? त्यांचं काम सोडून लिफ्टच्या कंपनीत लागलो तेव्हापासून माझा फोन उचलत नाहीत. मी तरी किती वेळा लावायचा?

लोभ आहेच, खेळ सुधारून तो वाढवावा.
तुझा बारक्या


१७ जून

चि. बारक्यास,
अनेक आशीर्वाद.

दिवसभर मशीनवर मान मोडते, त्यात तुझी ही बोलणी. हळू खेळलं म्हणून कुणी फासावर देत नाही. तू मात्र बॉल दिसला की ठोकतोस, मग कपाळाला हात लावतोस.

ते काही असो, जोडी मोडू नकोस. का ते विचारू नकोस. मोठ्या बहिणीचं एवढं ऐक.

बाबा ठीक. क्लबांत पूलची टेबलं बसवायला हल्ली त्यांना कोणी बोलावत नाही. दिवसभर खिडकीशी बसून कुरकुर चालते, संध्याकाळी जरा खुलतात. तुझा विषय काढला की उठून जातात. मी मध्ये सापडले आहे आणि मला त्याचा कंटाळा आलाय.

जेवणाची आबाळ करू नकोस, माया आहेच.
ताई


२४ जून

ति. ताईस,
सा. न. वि. वि.

रागावू नकोस, पण तुला काढलं. चष्मिस म्हणाला, बहीण ठेवायची तर आम्ही खेळत नाही. गोदामात काम करणारा एकजण भिडू घेतला आणि पहिल्याच संध्याकाळी जिंकलो. शेवटी खेळच आहे, तुलाही शिवणाला वेळ मिळेल.

काल बाबांना परत फोन लावला. वाजून वाजून बंद पडला. आता मीही लावणार नाही.

तुझा लोभ कमी झाला असेल, तरी थोडा शिल्लक ठेव.
बारक्या


२९ जून

चि. बारक्यास,
आशीर्वाद आज हात आखडून देतेय.

त्या खेळाला मी आजवर बोट लावलेलं नाही. माझ्या मोबाईलवर, माझ्या नावाने बाबा खेळत होते. तुझ्याशी न बोलायचा हट्ट सुटत नव्हता आणि तुझ्यावाचून करमतही नव्हतं. संध्याकाळ झाली की हात धुऊन, चष्मा पुसून बसायचे. तुला सांगायचं नाही अशी शपथ घातली होती, ती आज मोडली.

बॉल उजवीकडे का जायचा तेही ऐक. टेबल कितीही लेव्हल लावून सपाट बसवलं तरी पुढे एका अंगाला कलतंच, हे आपण लहानपणापासून ऐकतोय. मोबाईलमधलं टेबलही डावीकडे उतरतं अशी त्यांची खात्री, म्हणून जरा उजवीकडे धरून मारायचे. चुकला की म्हणायचे, उतार रोज बदलतोय. मी म्हटलं, बाबा, ते चित्र आहे. तर म्हणाले, "चित्र काढणाऱ्याने लेव्हल कुठे लावली असणार?"

तुझं बोलावणं येत नाही, तरी मोबाईल मांडीवर घेऊन बसतात. काल जेवता जेवता म्हणाले, "माझ्यामुळे हरत होता ना तो." मला तुम्हा दोघांचाही भयंकर राग आलाय. काय करायचं ते तू ठरव.

ताई


८ जुलै

चि. बारक्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

ताईच्या पोटात काही राहत नाही. तिच्यावर ओरडून झालं. परवा तुझं पत्र आलं, तेही माझ्या नावाने, आणि मागोमाग खेळाचं बोलावणं. नव्या भिडूला काढलंस म्हणे. बिचारा बरा खेळत असेल.

टेबल सपाट आहे असं तूही म्हणतोस, तर असेल. पण तुझा खेळ मी रोज पाहिलाय. लांबचा बॉल दिसला की तुझ्या अंगात येतं. पांढरा बॉल जाऊन कुठे थांबेल याचा विचार नाही. मधल्या पॉकेटचे सोपे बॉल हातचे घालवलेस. असा वैताग यायचा की सांगता सोय नाही. सांगायचं म्हटलं तर त्या खेळात नुसतं "छान फटका" आणि "शाबास" पाठवता येतं. गाढवा, जरा थांब, असं म्हणायची काही सोयच केलेली नाही. मला रोज तेवढंच म्हणायचं असायचं.

पत्रात ते नीट उतरत नाही. रविवारी सकाळी फोन कर. उचलेन.

कळावे,
बाबा