होई आनच्या पुरात

मांडवी, रत्नागिरी

प्रिय मृणाली,

तू पुण्याला पोचलीस, ऑफिसलाही जायला लागलीस, आणि मी इथे अजून पाठीवर सॅक असल्यासारखी वाकून चालते. शेजारची तुळसा काल म्हणाली, "दमयंतीबाई, कंबर धरली काय?" म्हटलं, धरली नाही गो, सुटली. तिला काही उमगलं नाही. मग तिला बसवून चहा दिला आणि व्हिएतनामचं सगळं सांगितलं. सासूसुना पाठीवर बोचकी बांधून होई आनसारख्या जुन्यापान्या गावात पावसातून हिंडल्या, हे तिला अजून खरं वाटत नाही. खरं सांगू, मलाही सकाळी उठल्यावर क्षणभर वाटत नाही.

हर्षद गेल्यापासून मी बाजाराच्या पलीकडे पाऊल टाकलं नव्हतं. त्या अपघाताने तुझा नवरा नेला आणि माझा मुलगा, पण तू कामाला लागलीस आणि मी खिडकीशी बसले. गणपतीत आलीस तेव्हा जाहीरच केलंस, "आई, आपण दोघी जायचं. हॉटेलबिटेल नाही. चालायचं, मिळेल ते खायचं." मी नाहीच म्हणणार होते. पण तू हळूच म्हणालीस की ते शिंप्यांचं गाव आहे, गल्लीगल्लीत शिवणयंत्रं आहेत. मुलींच्या शाळेत जन्मभर शिवण शिकवलेली बाई मी, बरोबर सापडले.

पाऊस तर आपलाच होता. तसंच मळभ, तशाच कौलांवरून पागोळ्या. फक्त भिंती पिवळ्या आणि दारोदारी भिजून जड झालेले रंगीत कंदील. मुक्कामाच्या हॉस्टेलात तू मला खालची खाट दिलीस आणि स्वतः शिडी चढून वर झोपायचीस. तिथल्या मुलीने मी तुझी कोण असं विचारलं, तेव्हा तू नुसतं 'आई' म्हणालीस. सासू म्हणाली नाहीस. मी पावसाच्या पोंचोची बटणं लावत होते, म्हणून तुला वाटलं ऐकलं नसेल. ऐकलं होतं. आणखी एक बघत होते. फोन वाजला की तू बाहेर पावसात जायचीस आणि परत आलीस की उगाच माझी सॅक आवरत बसायचीस.

मग तो दिवस. लान नावाच्या शिंपिणीच्या दुकानात शिवायला टाकलेला माझा कुर्ता आणायला गेलो आणि नदी गल्लीत शिरली. समुद्राशेजारी जन्म काढलेली मी, पाण्याला भीत नाही; पण हे पाणी आवाज न करता चढत होतं. परत फिरेपर्यंत गुडघ्याला लागलं. लान म्हणाली, वर चला. त्या घराच्या माळ्याला मधोमध चौकोनी तोंड होतं, पूर आला की तिथून दोर सोडून सामान ओढायला. मला वाटलं, आधी शिवणयंत्रं जातील, कापडाचे तागे जातील. पण लानच्या नवऱ्याने आधी पूर्वजांचा देव्हारा मोकळा केला. उदबत्त्यांचं भांडं लानच्या हाती दिलं, आणि एका तरुण माणसाचा फोटो आपल्या शर्टाला पुसून, छातीशी धरून जिना चढला. यंत्रं, तांदूळ, तागे मग. तू दोर ओढत होतीस, मी खाली गाठी मारत होते. त्या गडबडीतही मला वाटून गेलं, त्याचा भाऊ असेल.

वर सगळे एका खोलीत बसलो. लानने भात आणि मासे वाढले. लानच्या म्हाताऱ्या सासूबाई कोपऱ्यात फोटो मांडून बसल्या होत्या. तू लानला इंग्रजीत विचारलंस आणि मला मराठीत सांगू लागलीस, "आई, तो तिचा पहिला नवरा. मासेमारीला गेला तो परत आला नाही. या त्याच्या आई. यांनीच मग लानचं..." आणि थांबलीस. वाक्य पुरं न करता खिडकीशी जाऊन पाणी किती चढलंय ते बघत राहिलीस. पण पुढचं मला कळलं होतं, पोरी. लानचा आत्ताचा नवरा त्या म्हातारीच्या पायाला तेल चोळत होता आणि ती कशावरून तरी त्याला रागावत होती. परक्याला कोणी असं रागावत नाही.

हर्षदचे बाबा गेले तेव्हा मी तुझ्याहून लहान होते. हर्षद शाळेत जायचा. तुझं पुढे काय, असं मला कोणी विचारलं नाही, मीही स्वतःला विचारलं नाही. त्याचं दुःख मी कधी करत बसले नाही, शिवणकाम होतं, मुलगा होता. पण त्या माळ्यावर तुझ्या पाठमोऱ्या आकृतीकडे बघताना पहिल्यांदा वाटलं, विचारायला हवं होतं कोणीतरी.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. फोनवर सांगितलं असतं तर तू मध्येच रडली असतीस आणि माझं राहून गेलं असतं. पाणी ओसरल्यावर तू खाली लानबरोबर चिखल काढत होतीस, तेव्हा वर तुझा फोन वाजला. अजिंक्य असं नाव होतं. मी घेतला. तो घाबराघुबरा, बातम्यांत पूर बघून. तू सुखरूप आहेस म्हटल्यावर त्याने पुढचं विचारलं ते माझ्या दुखऱ्या गुडघ्यांचं. मी म्हटलं, तू कोण रे बाबा? मग म्हणाला, "काकू, मी मृणालीला विचारलंय. ती म्हणते आईंना सांगितल्याशिवाय नाही, आणि आईंना सांगायचा धीर होत नाही." मी त्याला सांगितलं, या फोनचं तिला बोलू नकोस, मी बघते. शब्दाला जागला म्हणायचा. मृणाली, हर्षदवर तू किती माया केलीस ते मी पाहिलंय, ते मला कोणी शिकवायला नको. तू मला खिडकीपासून उठवून जगात नेलंस, तेवढ्यावर माझं पुढचं आयुष्य निघेल. आता तू अडून राहू नकोस. हो म्हण त्याला. येत्या रविवारी त्याला घेऊन ये, सुरमई आणून ठेवते. चिपळूणला तुझ्या आईशी मी बोलले, आम्ही दोघी मिळून कन्यादान करणार. विधवेने करू नये असं कोणी म्हणालं तर म्हणू दे. मुलीला दोन माहेरं असली तर कुठे बिघडतं?

तुझीच,
मांडवीची आई