समजूतदार बापाची कादंबरी

३ मार्च, नारिन
आजपासून कादंबरी. नायिका पंधरा वर्षांची. शाळा आणि घर तिला कसं घडवतात, हा विषय. माझ्याइतका अधिकारी माणूस गावात नाही. शाळेत साहित्य शिकवतो आणि घरात पंधरा वर्षांची मुलगी आहे, बुरुलचा. कादंबरीतला बाप समजूतदार. आमच्या वडिलांसारखा नाही. ते याच शाळेचे हेडमास्तर. वारून कितीतरी वर्षं झाली, तरी जुने शिक्षक त्यांच्या खोलीवरून जाताना आवाज खाली करतात. मी करत नाही. मी तिथून जातच नाही.

१० मार्च
निरीक्षण सुरू. बुरुलचा अभ्यासाला बसली होती. दारात उभा राहिलो, काही न बोलता. तिने मान वर केली नाही. काय एकाग्रता!

१९ मार्च
चहा ओतताना बायको, झूराकान, म्हणाली, "अहो, पोरीला आजोबा दिसतात म्हणे. दारात उभे राहतात, बोलत नाहीत." आजोबा गेले तेव्हा ही रांगत होती. कल्पनाशक्ती माझ्यावर गेली आहे. म्हटलं, भूतबीत काही नसतं. झूराकान म्हणाली, "तेच सांगितलं तिला. म्हटलं, बाबा असतात ते."
दूध नासकं असावं. चहा गेला नाही.

८ एप्रिल
वर्गात बुरुलचाला कविता म्हणायला उभं केलं. मध्येच अडली. "बस खाली, दगड," म्हणालो. मुलीला सवलत दिली असं कोणी म्हणू नये, एवढंच. शब्द मात्र माझा नव्हे. वडील मला म्हणायचे, याच वर्गात. वळून दाराकडे पाहिलं. कोणी नव्हतं.
उद्यापासून हा शब्द बंद.

९ एप्रिल
दोनदाच.

२१ मे
नववी संपली. बुरुलचाला म्हणे राजधानीत, बिश्केकला, मावशीकडे राहून शिवणकाम शिकायचंय. समजूतदार बापासारखं शांतपणे ऐकून घेतलं. मग नाही म्हटलं. तिला डॉक्टर व्हायचंय. तिला हे ठाऊक नव्हतं, म्हणून सांगितलं.
तिने विचारलं, "तुम्हाला काय व्हायचं होतं, बाबा?"
मला ट्रक चालवायचा होता. म्हटलं, शिक्षक.

१४ जून
पहिलं प्रकरण घरात वाचून दाखवलं. बुरुलचाने शेवटपर्यंत ऐकलं. म्हणाली, "मुलगी चांगली आहे. पण ती बोलतच नाही." झूराकान भांडी पुसत म्हणाली, "बाप थांबेल तेव्हा बोलेल ना."
दोघींना साहित्यातलं कळत नाही.

२६ ऑगस्ट
बुरुलचा बिश्केकला गेली. संमतीची सही झूराकानने केली. मिनीबसपर्यंत तीच गेली, वाटेसाठी बोरसोक, पिठाचे गोळे, तळून घेऊन. मला शाळेच्या रंगकामावर लक्ष ठेवायचं होतं. तसं रंगारी आज आलेच नाहीत.
आता निवांत लिहिता येईल.

१२ सप्टेंबर
लिहून काही झालं नाही.
बुरुलचाचा फोन. आईशी बोलताना हसत होती. असं हसणं या घरात ऐकल्याचं आठवत नाही. मनाशी पक्कं केलं: विचारायचं, तिथे करमतं का, काय काय शिवलंस. झूराकानने फोन हातात दिला. पलीकडचं हसणं थांबलं. "हां, बाबा."
तोंड उघडलं. खोलीत वडिलांचा आवाज आला, अगदी स्वच्छ: "मार्क किती?"
झूराकानने दचकून मागे पाहिलं. मीही.