आधी लाभ, मग एक

बाबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुमच्यावरचा राग काही जात नाही. आज नातीनं पुस्तकातलं कोडं पुढ्यात टाकलं, या चौकोनात किती चौकोन दडलेत म्हणून, आणि माझा हात पिठातच थांबला. तेच ते. अनसिंगच्या शाळेत तपासणीला आलेल्या साहेबांनी फळ्यावर काढलेलं, चार घरं आडवी, चार उभी. गावात चौथीच्या पुढे मुलींना शाळा नव्हती. साहेबांनी पोरीला हुशार म्हटलं तर वाशीमला धाडीन, असा शब्द तुम्ही गुरुजींना दिला होता. पोरं सोळा म्हणून मोकळी झाली. मी मात्र एकमेकांच्या पोटात लपलेले सारे हुडकून काढते आहे, आणि तुम्ही दाराशी उभे, टोपी हातात. सगळ्यांत मोठा, बाहेरचा, मी आधी धरला आणि मनात म्हटलं, लाभ. मग एक, दोन करत एकोणतीस सांगितले. बाहेरचाच राहिला की, तीस हवे होते, म्हणत साहेब हसले आणि निघून गेले.

वाटेत तुम्ही विचारलंत, "लपलेले सारे दिसले तुले, अन् मोठाच काहून सोडला?"

"सोडला नाही बाबा. तो देवाचा होता."

खळ्यावर धान्य मापताना पहिली पायली देवाची. ती लाभ म्हणून बाजूला ठेवायची आणि एक दुसरीपासून म्हणायचं, हे तुमचंच शिकवणं. तुम्हाला तिथंच उमगलं. मागं फिरून गुरुजींना सांगता आलं असतं. तुम्ही चालतच राहिलात, आणि माझी शाळा सुटली ती सुटलीच.

त्या सुगीत तुम्ही ज्वारी मोजायला बसलात. पहिली पायली भरली आणि म्हणालात, "एक." आई दचकली. मी राशीमागे उभी होते. तुम्ही माझ्याकडे पाहिलं नाहीत. माझ्यापायी तुम्ही देवाची पायली मोडलीत, हे कळत होतं हो. पण मला वाशीम हवं होतं बाबा.

हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकू? नातीला उत्तर अजून दिलेलं नाही. तीस येतात, हे ठाऊक आहे. पण बोट बाहेरच्या चौकोनावर ठेवलं की तोंडून लाभच निघतं, आणि तुमची इतकी आठवण येते की पुढचं मोजवत नाही.