विमान उतरलं, माणसं नाही

३ फेब्रु.
गंगापूरहून नानाकाकांचा फोन. चाळीसेक वर्षांपूर्वी इंजिन बंद पडून प्रवासी विमान त्यांच्या कपाशीत पोटावर आपटलं, दोन तुकडे झाले. माणसं सगळी वाचली. वाचवली अर्थात नानांनी. दर लग्नात ऐकतो. गेल्या लग्नात प्रवासी वाढले होते. आता गावात सत्कार. बॅनरवर ‘विमानवीर’. भाषण मी लिहायचं. घरात लेखक असला की फुकट राबवायचा, हा रिवाजच.

५ फेब्रु.
त्या विमानातल्या एक निवृत्त शिक्षिका सरपंचाला सापडल्या. पुण्याहून सत्काराला येणार. माहितीसाठी फोन केला. बाई म्हणाल्या, "दाराशी एक काठीवाला होता हो! उतरूच देईना. म्हणे, तलाठी येऊन पंचनामा होईस्तोवर कुणी हलायचं नाय! मागं धूर, पुढं हा! जिवंत असेल तर भेटायचंय मला त्याला."
भाषणाची तीन पानं खोडली.

६ फेब्रु.
सकाळीच गंगापूर. नानांना विचारलं. आधी तणतणले. मग आवाज खाली.
"सरकारी वस्तू व्हती रं. काही गहाळ झालं असतं तर माझ्यावर आलं असतं."
"अहो, पण माणसं?"
"ती बी आतलीच ना!"
पंचनाम्यावर एवढी श्रद्धा खुद्द तलाठ्याचीही पाहिली नाही.
"सत्कार नको म्हणून सांग."
"बॅनर लागलंय, नाना."
नानांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "त्या बाईला तोंड कसं दाखवू?"
शेजारी काकू ज्वारी निवडत होती. विमानाचा विषय निघाला की ती तोंड उघडत नाही. आजही नाही.

८ फेब्रु.
सत्कार झाला, नानांच्या दारातच मंडप. म्हणजे सुरू तरी झाला.
नानांनी माझं भाषण खिशातून काढलंच नाही. माईक धरला. "काठीवाला मीच, बाई. लई चुकलं." सरपंचानं सवयीनं टाळ्या वाजवल्या, मग थांबवल्या.
बाईंनी चष्मा पुसला. "मग तुमची काठी हिसकून आम्हाला खाली घेतलं, त्या कोण?"
"...मालकीण माझी."
बाई व्यासपीठावरून उतरल्या त्या थेट घरात, काकूकडं. दार लोटून घेतलं. तास होत आला. मंडपवाला खुर्च्या नेतोय. आतून दोघींचं हसू येतंय. मधेच शांत, पुन्हा हसू.
नाना शाल पांघरून ओट्यावर येरझाऱ्या घालतायत. "काय सांगत असंल रं ती? विमानाचंच ना?"
म्हटलं, विमान तर पहिल्या पाच मिनिटांत संपलं असेल.