ठिपके आणि लेप

४ मार्च
समोरच्या कंपनीचं पोतं आज टेबलावर आलं. केमिस्टकाकांच्या पेटंटमधलंच कीटकनाशक, त्यांचाच चिकट पदार्थ — फक्त पोत्यावर सगळीकडे न फासता बारीक ठिपक्यांत छापलेलं. धान्यातले किडे तितकेच मरतात! काका भिंगातून बघून म्हणाले, "वकीलबाई, ही तर दिवसाढवळ्या चोरी." पेटंटच्या दाव्यात शब्द एकच आहे — 'लेप'. ठिपक्यांना लेप म्हणायचं की नाही, एवढाच खटला. मी छातीठोकपणे सांगितलं, म्हणायचंच.

७ मार्च
जुनी फाइल उघडली. बारा वर्षांपूर्वी पेटंट ऑफिसच्या परीक्षकाने विचारलं होतं — पूर्वी कोणीतरी पोत्यांवर औषधी भुकटी फवारायचं, त्यात आणि यात फरक काय? मी उत्तर दिलंय: "आमचा लेप म्हणजे सलग, अखंड थर, सुटे डाग नव्हेत." खाली माझी सही! चिकट पदार्थ वेगळा आहे, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण दुसऱ्या दिवसापासून माझी रजा होती, पत्र हातावेगळं करायचं होतं. काकांना दाखवलंसुद्धा नाही. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय. फाइल सगळ्यांना खुली असते. समोरचेही काढणारच.

८ मार्च
काकांना सांगायला फोन केला. डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख ठरली का, एवढंच विचारून ठेवला.

१९ मार्च
सुनावणी. समोरच्यांनी माझं पत्र लेखी म्हणण्याला जोडलंय, पण मोठ्याने वाचलं नाही. काकांना मात्र विचारलं, "लावताना मध्ये जागा सुटली तर?" काका ताठ बसले. "सुटली तर? सुईच्या टोकाएवढी सुटली तरी पोतं परत लावायला घ्यायचो मी!" समोरचा वकील गोड हसला.
बाहेर आल्यावर काका म्हणाले, "बढाई मारायला गेलो आणि घात केला, नाही?" मी त्यांच्यासाठी रिक्षाला हात केला.

२ मे
हरलो. परिच्छेद ४१ मध्ये न्यायाधीशांनी माझं वाक्य जसंच्या तसं उतरवलंय, आणि सगळा निकाल त्यावरच उभा आहे. काकांच्या साक्षीला कुठेच महत्त्व दिलेलं नाही.

५ मे
काका आले. डोळ्यावर अजून ऑपरेशनची पट्टी. "तुम्हीच वाचा, वकीलबाई. मला तुमच्या आवाजाची सवय आहे."
चाळीसपर्यंत वाचलं. पान उलटलं. बेचाळीसपासून पुढे.
"मधलं काही राहिलं नाही ना?"
"नाही, काका."
"मग माझीच जीभ नडली म्हणायची."
जिन्यापर्यंत सोडायला गेले. आयुष्यभर चोख काम केलेला माणूस त्या चोखपणाबद्दलच हळहळत घरी गेला, आणि मी जाऊ दिलं. लाज वाटते मला माझी.

६ मे
सकाळीच फोन केला, आज सांगायचंच म्हणून. काकूंनी घेतला. "ते फिरायला गेलेत. निकालाचं असेल तर राहू दे गं, काल तुझ्याकडे यायच्या आधीच लेकीने सगळा वाचून दाखवला त्यांना. एक्केचाळिसावा तर दोनदा वाचायला लावला."