कशाने मोजलं?

प्रिय फूटपट्टी,

या नावाने हाक मारणारी आता मी एकटीच उरले असेन. तुझं पत्र मिळालं. चारच ओळी, आणि त्याही कोंबडीने पाय ओढल्यासारख्या. शाळेत तुझं अक्षर वर्गावर्गांतून फिरवून दाखवायचे, त्यामुळे पत्र तुझं आहे हे आधी पटेनाच. हात थरथरतो, म्हणून कारखान्यातली यंत्रांवरची नोकरी मुदतीआधीच सोडलीस, आता माझा कुणाला काय उपयोग, असं विचारलंयस. त्याचं उत्तर शेवटी देईन. आधी माझी बातमी ऐक.

या वयात मी शाळेतल्या रोबोटच्या संघात शिरलेय, आणि तो संघ बंद पडू द्यायचा नाही असं मनाशी घट्ट ठरवलंय. हसू नकोस. नात नववीत आहे. एकदा डबा विसरून गेली, तो द्यायला गेले, तर शाळेच्या मागच्या अडगळीच्या खोलीत ती धरून चार पोरं जमिनीवर पालथी पडलेली आणि भोवती स्क्रूंचा सडा. नवे कोरे स्क्रू पायदळी! माझा जीव वरखाली झाला. तिथेच बसकण मारली आणि वेचायला लागले. मान वर केली तेव्हा शाळा सुटलेली. दुसऱ्या दिवशी बिस्किटांचे रिकामे डबे घेऊन गेले, ती आजतागायत जाते. स्क्रू आकाराप्रमाणे डब्यांत, वायरी गुंडाळून खुंटीला, खर्चाचा हिशोब माझ्याकडे. पोरं मला तिजोरी म्हणतात, तेही तोंडावर. मॅट्रिकच्या पलीकडचं मला काही कळत नाही. पण कुणाला भूक लागलीय आणि कोण उगाच आरडतंय एवढं कळतं, आणि निम्मा संघ त्यावरच चालतो.

रोबोट म्हणजे काय, तर शिलाई मशीनच्या पेटीएवढं चाकांवर पळणारं यंत्र, त्याला एक लांब हात. जमिनीवरचा चेंडू उचलून उंच फळीवर ठेवायचा, हा खेळ. पहिला चेंडू उचलला गेला तेव्हा मी हात जोडले. नात म्हणाली, आजी, हे देवाने नाही, आम्ही केलंय. म्हटलं, बये, आणि तुम्हाला कुणी केलं?

स्पर्धेत खेळण्याआधी पंच यंत्रावर बिनतळाची लाकडी पेटी उतरवतात. ती न अडखळता जमिनीला टेकली तर यंत्र मापात. आमच्यावर ती मध्येच अडकली. पोरं रडकुंडीला आली, पुन्हा पुन्हा मोजलं होतं म्हणून शपथा घ्यायला लागली. मोजलं होतंच की, माझ्यासमोर. विज्ञानाच्या बाई पोलादी टेप आणू म्हणत होत्या, तर मीच म्हटलं, कशाला नवा खर्च, माझ्याकडे आहे. आठवते ना, शिवणाच्या तासाला तुझ्यामाझ्यात मिळून एक होती ती पिवळी कापडी टेप? इतकी वर्षं ओढून ओढून ती ताणली गेलेली. आकडे एकमेकांपासून लांब सरकलेले, म्हणजे यंत्र मोठं आणि टेप सांगते लहान! पोरांचा हिशोब चोख, टेपच खोटारडी. तिथल्या तिथे करवतीने यंत्राचा हात कापला. मग तो फळीपर्यंत पोचेना. चेंडू कडेला टेकायचा आणि घरंगळत खाली. शेवटून दुसरे आलो. घरी आल्यावर नात म्हणाली, आजी, तुझी काटकसर महाग पडली. खरंच होतं. टेप फेकली नाही, वेलाला आधार म्हणून बांधली. पोलादी मात्र स्वतः जाऊन घेतली, घासाघीस न करता. दुकानदाराला वाटलं, मला बरं नाही.

पोरं चौथ्या दिवशी पुन्हा पालथी पडली, दुमडता येणारा नवा हात काढायला. आणि बाईंची बदली झाली. मुख्याध्यापिका म्हणतात, यंत्रं जाणणारं मोठं माणूस नसेल तर पुढच्या महिन्यापासून खोलीला कुलूप. मी आहे की, म्हटलं. त्या म्हणाल्या, आजी, तुम्ही हव्यातच, पण पोरांनी यंत्रातलं काही विचारलं तर?

पेटी अडकली तेव्हा मला तूच आठवलीस. मी बाही कापायला घेतली की तू माझी कात्री धरायचीस. कशाने मोजलंस? टेप आधी लाकडी पट्टीला लावून बघायचीस, मगच कापू द्यायचीस. इतका राग यायचा! नाव काय उगाच ठेवलं होतं? आमच्याकडे धडधाकट हात चिक्कार आहेत गं, कशाने मोजलं हे विचारणारं तोंड नाही. तुझं तोंड काही थरथरत नसेल. शाळेत तरी ते कधी थकलेलं पाहिलं नाही. तुला न विचारता मुख्याध्यापिकेला तुझं नाव देऊन आलेय. खिडकीजवळ तुझा पलंग लावलाय. तुझ्या हाताचं मी रोज देवाच्या कानावर घालते, ते त्याने बघावं. तुझ्या उपयोगाचं मात्र मी त्याच्यावर सोडणार नाही. रविवारच्या गाडीने ये. नात स्टेशनवर येईल. विचारत होती, ओळखू कशी? म्हटलं, उतरल्या उतरल्या जी तुझी चूक काढेल, तीच.

तुझीच,
कवडीचुंबक